अर्जावर सही माझी होती
राज्यातल्या प्रांताधिकाऱ्यांना एका सासूचं खुलं पत्र

माननीय प्रांताधिकारी साहेब आणि मॅडम,

सविनय नमस्कार.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह न्यायाधिकरणाचे पीठासीन अधिकारी म्हणून राज्यात तुम्ही जिथे जिथे बसता, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय 70. जिल्हा परिषदेच्या शाळेत 33 वर्षं शिकवलं. तुमच्यापैकीच एकांच्या दालनात मी अर्जदार म्हणून उभी राहिले आहे. गैरअर्जदार माझी सून होती आणि मागणी एकच होती: हिला माझ्या घरातून बाहेर काढा.

त्या अर्जावर सही माझी होती. मजकूर माझा नव्हता. एवढं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

आधी घराचं सांगते. माझे यजमान एस.टी.त ड्रायव्हर होते. 1996 साली त्यांच्या फंडातून आणि माझ्या शिक्षक सोसायटीतून कर्ज काढून आम्ही दोन गुंठ्यांत तीन खोल्या बांधल्या. 2011 मध्ये ते गेले. वारस म्हणून आमची तिघांची नावं लागली, मग मुलाने आणि मुलीने हक्कसोडपत्र करून दिलं आणि घर माझ्या एकटीच्या नावावर झालं. मुलगा तेव्हा म्हणाला, "आई, तुझं घर तुझ्याच नावावर असलेलं बरं." मला त्याचा अभिमान वाटला होता. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. उंबऱ्यावर माप मीच ठेवलं. ताटात तांदूळ पसरून त्याने अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, तेही मीच सुचवलेलं. अकरा वर्षांनी तुमच्या कचेरीची नोटीस आली ती त्याच नावाने. तिच्या आधारकार्डावर अजून माहेरचं नाव आहे. पोस्टमनला तिने सांगितलं, "हो, मीच ती," आणि सही करून नोटीस घेतली. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते.

मुलगा चाकणला कंपनीत. तिथलं भाडं परवडत नव्हतं आणि मला साखरेचा त्रास, म्हणून सून आणि नात माझ्याजवळ राहिल्या. आधी तो दर शनिवारी यायचा, मग महिन्याने, आणि 2021 च्या दिवाळीनंतर येणंच थांबलं. कारणं मी इथे लिहिणार नाही, ती त्या दोघांच्या कागदांत आहेत. 2022 मध्ये त्याने घटस्फोटाचा दावा लावला आणि तिने डी.व्ही.ची केस केली. डी.व्ही. म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा. तालुक्याच्या कोर्टात त्याला सगळे हेच म्हणतात.

तिच्या अर्जात गैरअर्जदार नंबर एक मुलगा होता आणि नंबर दोन मी. आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढले नव्हते. समन्सवर स्वतःचं नाव वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी हिचं बाळंतपण केलं आणि हिने माझ्यावर केस केली, हे एकच वाक्य दिवसभर मनात फिरत होतं. त्याचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला. तिने राहण्याचा हक्क मागितला होता. घर माझ्या नावावर. ज्याच्या नावावर घर आहे त्याला पक्षकार केल्याशिवाय त्या घराबद्दल आदेश मागायचा कसा, म्हणून तिच्या वकिलांनी माझं नाव घातलं होतं. माझ्याविरुद्ध एका ओळीचीही तक्रार त्या अर्जात नव्हती. हे मला तेव्हा कुणी वाचून दाखवलं असतं तर मी पुढची सही केली नसती, असं मला वाटतं. पण शिक्षिका असून मी तो कागद पूर्ण वाचला नाही, हीही माझीच चूक.

मुलगा रागाच्या त्या दिवसांत घरी आला. दोन वर्षांनी आईच्या हातचं जेवला. म्हणाला, "मी तिला काढू शकत नाही, कोर्ट मला विचारेल. पण घर तुझं आहे. तू म्हातारी आहेस. तुझ्यासाठी वेगळा कायदा आहे, तीन महिन्यांत निकाल लागतो. तू फक्त सही कर." अर्ज टाइप करूनच आणला होता.

साहेब, माझ्यासारख्या किती जणींचे अर्ज तुमच्या टेबलावर असे आले असतील याची मला कल्पना नाही. पण हा रस्ता कसा तयार झाला ते मी आता समजून घेतलं आहे आणि ते मांडते. तुम्हाला हे ठाऊक असेलच. आईबापांना मात्र कुणी सांगत नाही.

डी.व्ही.चा कायदा म्हणतो, बाई ज्या घरात नवऱ्याबरोबर घरातली म्हणून राहिली ते 'सामायिक घर', आणि घरावर तिचं नाव असो वा नसो, तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. कायदा 2006 च्या ऑक्टोबरमध्ये लागू झाला आणि त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा बत्रा निकाल आला. तेही घर सासूच्या नावावर होतं. न्यायालयाने सांगितलं, सामायिक घर म्हणजे नवऱ्याच्या मालकीचं, त्याने भाड्याने घेतलेलं किंवा तो ज्यात सभासद आहे त्या एकत्र कुटुंबाचं. सासूच्या स्वतःच्या घरात सुनेचा हक्क नाही. पुढची जवळजवळ 14 वर्षं हे चाललं. घर आईच्या नावावर असेल तर सून एका फटक्यात उपरी. 15 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो निकाल चूक ठरवला. नातेवाइकांच्या मालकीचं घरसुद्धा, ती तिथे कायमची म्हणून राहिली असेल तर, सामायिक घर ठरतं. हा हक्क कशानेही न हलणारा नाही, वृद्ध सासूसासऱ्यांच्या शांततेचाही विचार करायचा, हेही त्याच निकालात आहे. तेही मला पटतं.

तो दरवाजा बंद झाला, पण दुसरा उघडाच होता. तो दरवाजा म्हणजे 2007 चा आमचा, म्हाताऱ्यांचा कायदा. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल, फार तर आणखी 30 दिवस. डी.व्ही.च्या कायद्यातही पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत असंच लिहिलं आहे. पण माझ्या सुनेच्या अंतरिम अर्जावर आदेश व्हायला अकरा महिने लागले. कधी समन्स बजावून आलं नाही, कधी माझ्या मुलाचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आला नाही, कधी साहेब रजेवर. त्या अकरा महिन्यांत आमच्या अर्जाचा निकाल लागून ती बाहेर पडावी, असा मुलाचा हिशोब होता. ज्या कायद्याचं घड्याळ वेगाने चालतं त्याच्या दाराशी आईला नेऊन उभं करायचं.

तुमच्या दालनातला तो दिवस मला तपशिलाने आठवतो. बाहेर बाकावर आम्ही तिघं. मुलगा माझ्या उजव्या हाताला, सून समोरच्या भिंतीला टेकून उभी. तिच्या हातात कापडाच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी होती. शिपायाने पुकारा केला. मुलगा माझा दंड धरून मला आत घेऊन गेला. साहेबांनी फाईल चाळली आणि मला एकच प्रश्न विचारला.

"आजी, घर तुमच्या नावावर आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

मग तिला विचारलं, "तुमचा या घरावर काय हक्क आहे?"

ती म्हणाली, "साहेब, मी तिथे नांदते."

साहेबांनी पुन्हा विचारलं, "ते ठीक आहे, पण कागद काय आहे?"

तिने पिशवीतून वही काढली. दोनशेपानी, निळ्या पुठ्ठ्याची. 2018 मध्ये मला इन्सुलिन सुरू झालं तेव्हापासून ती रोज सकाळी माझी साखर तपासून त्या वहीत लिहायची. तारीख, उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, किती युनिट घेतलं. मध्येच एखादी ओळ: "आज लग्नाला गेलो, जिलेबी खाल्ली." "आईंना चक्कर, 58 आली, साखरपाणी दिलं." पानामागून पान तिचं अक्षर. आणि फाईलमधल्या माझ्या अर्जात लिहिलं होतं, "गैरअर्जदार हिने अर्जदाराचे औषधपाणी बंद केले असून अर्जदाराच्या जीवितास धोका आहे."

तिने वही पुढे केली. साहेब म्हणाले, "ते राहू द्या." त्यांच्यापुढे त्या दिवशी आणखी बरीच प्रकरणं होती, बाहेर भूसंपादनाची माणसं थांबली होती, मला त्यांच्यावर राग नाही. त्यांनी निकालासाठी प्रकरण ठेवलं. आम्ही आत होतो ते सगळं मिळून सात-आठ मिनिटं. ती वही परत पिशवीत गेली. मी गप्प उभी होते. मी तोंड उघडायला हवं होतं, साहेब, आणि मी उघडलं नाही, कारण माझा दंड अजून मुलाच्या हातात होता.

म्हणून माझी पहिली विनंती: आम्हाला एकट्याने विचारा. तुमच्या न्यायाधिकरणापुढे वकील चालत नाही असं 2007 च्या कायद्यात लिहिलं आहे, खर्च वाचावा म्हणून. हेतू चांगलाच. पण त्याचा परिणाम असा होतो की म्हाताऱ्या माणसाच्या बाजूला जो उभा राहतो तो बहुतेक वेळा ज्याने अर्ज लिहून आणला तोच असतो. मुलाला, मुलीला, भाच्याला, जो कोणी बरोबर आला असेल त्याला पाच मिनिटं बाहेर बसवा. आम्हाला खुर्ची द्या. अर्ज मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, हे तुमचं म्हणणं आहे का? सगळ्याच म्हाताऱ्या खरं बोलतील असं मी म्हणत नाही. पण माझ्यासारखी एखादी त्या पाच मिनिटांत बोलून जाईल.

दुसरं, मुलगा कुठे आहे ते बघा. माझ्या अर्जात तो गैरअर्जदार नव्हताच. पेन्शन मला पुरते म्हणून त्याच्याकडून एक रुपयाही मागितलेला नव्हता. हा कायदा मुळात मुलांकडून आईबापांना निर्वाह मिळावा म्हणून आला, महिना 10,000 रुपयांपर्यंत. ज्या अर्जात मुलाकडून काहीच मागायचं नाही, औषध नाही, पैसे नाहीत, सांभाळणं नाही, फक्त त्याची बायको घरातून जायला हवी, तो अर्ज नेमका कोणाचा आहे? काही प्रकरणांत मुलाचंही नाव असतं, पण तो काहीच म्हणत नाही, "आईबापांची इच्छा मला मान्य" एवढं लिहून देतो. आदेश दोघांनी घर सोडावं असा होतो आणि प्रत्यक्षात एकटी तीच बाहेर पडते. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये अशाच एका प्रकरणात न्यायाधिकरणाचा आदेश रद्द केला. ज्येष्ठांच्या मनःशांतीसाठी सुनेला बेघर करता येणार नाही, असं त्यात सांगितलं आहे. त्या प्रकरणातल्या मुलाने आदेशाविरुद्ध दादच मागितली नव्हती. ती बाईच एकटी लढत होती.

तिसरं, रोजनाम्यात एक ओळ लिहायची सवय ठेवा: दोघांत घटस्फोटाचा दावा, पोटगी किंवा डी.व्ही. चालू आहे का? असेल तर कोणत्या कोर्टात, आदेश काय? 15 डिसेंबर 2020 रोजी बेंगळुरूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न स्पष्ट सोडवला आहे. तिथे नवऱ्याने घेतलेलं घर आधी वडिलांना विकलं गेलं, वडिलांनी ते आईला बक्षीसपत्राने दिलं आणि मग आईवडिलांनी सुनेला काढण्यासाठी ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली अर्ज केला. न्यायालयाने सांगितलं, दोन्ही कायदे एकत्र वाचायचे. 2007 च्या कायद्याची झटपट पद्धत वापरून बाईचा डी.व्ही.तला राहण्याचा हक्क मोडता येणार नाही. घर रिकामं करायला लावण्याचा अधिकार तुम्हाला आहे, पण ज्येष्ठाच्या संरक्षणासाठी ते गरजेचं असेल तर, आणि तिचा हक्क तपासल्यानंतर. माझ्या प्रकरणात डी.व्ही.चा उल्लेख सुनेने लेखी केला होता. सुनावणीत त्याचा शब्दही निघाला नाही.

याचं गांभीर्य आणखी एका कारणाने आहे. तुमच्या आदेशाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येतं, पण कायद्याच्या शब्दांत तो हक्क ज्येष्ठ नागरिकाला किंवा आईवडिलांना आहे. सुनेला बहुधा थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. ब्लाउज शिवून महिन्याला सहा-सात हजार मिळवणारी बाई रिट करणार कशी? 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे आमच्या जिल्ह्याचा मुंबईचा फेरा तरी वाचला. पण वकिलाची फी कोल्हापूरलाही द्यावीच लागते. म्हणजे बहुतेक सुनांसाठी तुमचं दालन हीच पहिली आणि शेवटची पायरी.

आता दुसरी बाजूही मीच लिहायला हवी, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. आमच्याच आळीत एका निवृत्त शिपायाला मुलगा आणि सून दोघं मिळून मारायचे. पेन्शनचं पासबुक काढून घेतलं होतं. गच्चीवरच्या पत्र्याखाली त्यांना झोपवायचे, मे महिन्यातसुद्धा. त्यांनी अर्ज केला आणि तीन महिन्यांत दोघांना घर सोडावं लागलं. आदेशाची प्रत घेऊन ते माझ्याकडे वाचून घ्यायला आले होते, हात थरथरत होते. तो कायदा नसता तर ते गच्चीवरच मेले असते. घर लिहून घेऊन आईबापांना वाऱ्यावर सोडणारी मुलंही मी पाहिली आहेत. अशा बक्षीसपत्राच्या प्रकरणात न्यायाधिकरण घराचा ताबा परत देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 ला सांगितलं, ते वाचून मला बरं वाटलं. माझ्या बोलण्याने खऱ्या पीडित म्हाताऱ्याचा एक दिवसही लांबू नये. फरक ओळखणं अवघड नाही. त्या शिपायाच्या अर्जात पहिलं नाव मुलाचं होतं.

आणि समजा, सासूचं खरंच सुनेशी पटत नाही, एका छताखाली दोघींना राहणं अशक्य आहे. असंही असतं, आणि त्यात नेहमी सासूचाच दोष असतो असं नाही. तरी "30 दिवसांत घर रिकामं करावं" एवढ्या एका ओळीवर आदेश संपू देऊ नका. ती जाणार कुठे? डी.व्ही.च्या कलम 19 मध्ये दंडाधिकाऱ्यांना नवऱ्याकडून तिला तशाच दर्जाचं पर्यायी घर किंवा भाडं मिळवून देता येतं. तो आदेश होईपर्यंत थांबा, किंवा तिथला निकाल लवकर लागावा म्हणून पक्षकारांना तिकडे पाठवा. सुनावणीआधी समेट अधिकाऱ्याकडे पाठवण्याची सोय तर तुमच्याच कायद्यात आहे. आमच्या प्रकरणात ती वापरली असती तर तिथे कुणीतरी ती वही उघडली असती.

मी शिकवत होते त्या काळात, 1980 च्या दशकात, शेजारच्या सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या बरोबरच्या बाया परित्यक्तांसाठी झगडत होत्या. वेगळं रेशनकार्ड द्या, राहायला जागा द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. आम्ही शिक्षिका स्टाफरूममध्ये त्याबद्दल बोलायचो. तेव्हा "टाकलेली बाई" म्हणजे दूर कुठेतरी राहणारी कुणी असं मला वाटायचं. ती माझ्याच घरात, माझ्याच सहीने तयार होईल, हे मनातही आलं नव्हतं.

आपल्याकडे लग्नाने बायकोला नवऱ्याच्या घरात हिस्सा मिळत नाही, हे मूळ दुखणं आहे. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामायिक, आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही. गोव्याची हद्द ओलांडली की बाईची सही लागते आणि परत इकडे आलं की तिची फक्त हजेरी. मी मुद्रांक कार्यालयात चौकशीला गेले होते, घरातली एक खोली सुनेच्या नावे करावी म्हणून. तिथे कळलं, राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपयेच असतं. मुलगा वारला असेल तर त्याच्या बायकोलाही तेवढ्यातच देता येतं. मुलगा जिवंत असेल तर सुनेला ती सवलत नाही. नवरा मेलेली सून कायद्याला ओळखू येते, टाकलेली ओळखू येत नाही. ती दुरुस्ती तुमच्या हातात नाही, मला माहीत आहे. पण तोवर तिला जो एक राहण्याचा हक्क आहे तो तुमच्या हातात आहे.

माझ्या प्रकरणाचं पुढे काय झालं ते सांगते. निकालाची वाट बघत असताना एका सकाळी सून आली, माझं बोट टोचलं, साखर बघितली, वहीत लिहिली आणि गेली. एक शब्द बोलली नाही. केस सुरू झाल्यापासून एक दिवस खाडा नव्हता. मी वही उघडली. ज्या दिवशी आम्ही प्रांत कचेरीत गेलो त्या तारखेलाही नोंद होती. उपाशीपोटी 131. त्यापुढे बारीक अक्षरात, "आज बाहेर जायचं आहे, डबा बरोबर दिला." तो डबा मी त्या दिवशी बाकावर बसून खाल्ला होता. मुलाने आणला असेल असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून एकटी कचेरीत गेले आणि फुलस्केप कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं की मला हा अर्ज चालवायचा नाही, त्यातला मजकूर मला वाचून दाखवलेला नव्हता आणि तो खरा नाही. लिपिक म्हणाले, "आजी, प्रकरण निकालावर आहे, आता कशाला?" मी म्हटलं, "निकाल लागायच्या आत घ्या." त्यांनी घेतला, शिक्का मारून पोच दिली. आठवड्याने प्रकरण बंद झालं. साहेबांनी त्या वेळी मला समोर बसवून विचारलं, तेवढ्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. हेच महिनाभर आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

मुलगा माझ्याशी बोलत नाही. सून बोलते, कामापुरतं. पूर्वी "आई" म्हणायची, आता नावाशिवाय बोलते. तो अधिकार तिला आहे. नात दोघींच्या खोल्यांत ये-जा करते.

डी.व्ही.ची केस अजून चालू आहे. पुढची तारीख या महिन्याच्या 22 ला आहे. गैरअर्जदार नंबर दोन म्हणून माझा से देणं बाकी होता, तो मागच्या तारखेला मी दिला. वकिलांनी चार पानांचा मसुदा केला होता, तो मी बाजूला ठेवला. मी लिहिलेला से एवढाच आहे: "सदर घर माझ्या मालकीचे आहे. अर्जदार या घरात 2012 पासून नांदत आहे. ती येथे राहण्यास माझी हरकत नाही."

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, जिल्हा सातारा